छोट्या स्पॅनियलची कुळकथा

इ. स. १५७० सालीं डॉ. जॉन कायस या इंग्रज वैद्यानें आपल्या देशांतील कुत्र्यांविषयीं एक लहानसें लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केलें. कायस हा कोणी साधासुधा वैद्य नव्हता. इंग्लंडच्या राजघराण्याचा तो वैद्य होता, आणि केंब्रिज येथील एक विद्यालय आजही त्याचें नांव चालवीत आहे. स्वित्झर्लंडमधील कॉनराड गेस्नर हा पंडित जगांतील सर्व प्राण्यांची माहिती गोळा करीत होता. त्याच्यासाठीं कायसनें कुत्र्यांचें हें वर्णन लिहिलें. शिकारी कुत्रा, मेंढपाळाचा कुत्रा, घर राखणारा कुत्रा अशा सर्वांचा परामर्श घेतां घेतां तो एका चिमुकल्या स्पॅनियलपाशीं येतो. हें कुत्रें शिकार करीत नाहीं कीं राखण करीत नाहीं. थोरामोठ्यांच्या बायका त्याला उराशीं धरून बसतात, एवढेंच त्याचें काम. मात्र त्याचा एक उपयोग कायस नमूद करतो. पोट दुखूं लागलें म्हणजे हें कुत्रें पोटाशीं धरावें. त्याच्या उबेनें आराम पडतो. एवढेंच नव्हे, तर माणसाचें दुखणें जागा बदलून कुत्र्याच्या अंगांत शिरतें. म्हणूनच अशीं कुत्रीं बाहेरून कांहीं इजा झालेली नसतांही आजारी पडतात आणि कधीं कधीं मरतात, असें तो सांगतो.

वैद्यक या दृष्टीनें आज ही समजूत कोणालाही हास्यास्पद वाटेल. परंतु या कुत्र्याच्या कुळाचा पुढील साडेचारशे वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे त्या जुन्या समजुतींत एक विचित्र सत्य दडलेलें दिसूं लागतें. माणसाचें पोटाचें दुखणें कुत्र्याच्या अंगीं गेलें नाहीं. माणसाची हौस मात्र खरोखरच गेली, आणि ती त्याच्या हृदयांत व कवटींत जाऊन बसली. बाहेरून कांहीं दिसत नव्हतें, म्हणून ती कित्येक वर्षें कोणाच्या ध्यानांतही आली नाहीं. ती तेथें कशी गेली आणि ती काढण्यासाठीं कोणते उपाय झाले, याची हकीकत म्हणजेच या छोट्या स्पॅनियलची कुळकथा होय.

या कुळाचे आरंभींचे दिवस राजवाड्यांत गेले. स्कॉटलंडची राणी मेरी हिचा ८ फेब्रुवारी १५८७ रोजीं फॉदरिंगे येथील किल्ल्यांत शिरच्छेद झाला, तेव्हां तिच्या वस्त्रांत लपून बसलेलें एक लहानसें कुत्रें मागाहून सांपडलें, असें त्या प्रसंगाच्या हकीकतींत नमूद आहे. तिचा नातू पहिला चार्ल्स याच्या मुलांचीं चित्रें व्हॅन डाइक या विख्यात चित्रकारानें १६३५ नंतरच्या कांहीं वर्षांत काढलीं. त्या चित्रांत रेशमी कपडे घातलेल्या राजपुत्रांच्या पायांशीं पांढरे व तांबूस, लोंबत्या कानांचे छोटे स्पॅनियल बसलेले दिसतात. त्यांचें डोकें सपाट आहे, नाकाड बऱ्यापैकीं लांब आहे, आणि नजर चलाख आहे. हें चित्र ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कारण पुढें तीनशे वर्षांनीं याच चित्रांतलें कुत्रें पुन्हा निर्माण करण्याचा घाट घातला गेला.

त्या राजपुत्रांपैकीं थोरला तो दुसरा चार्ल्स. बापाचा शिरच्छेद, यादवी युद्ध आणि परदेशांतील वनवास हें सर्व भोगून तो १६६० सालीं गादीवर आला. त्याच्या कुत्र्यांच्या वेडामुळेंच या स्पॅनियलला 'किंग चार्ल्स' हें नांव चिकटलें. सॅम्युएल पेपिस हा त्या वेळीं आरमाराच्या कचेरींत अधिकारी होता. राजा मंत्रिमंडळाच्या बैठकींत कामाकडे लक्ष न देतां सारा वेळ आपल्या कुत्र्याशीं खेळत बसतो, अशी नापसंतीची नोंद त्यानें सप्टेंबर १६६७ मध्यें आपल्या रोजनिशींत करून ठेविली आहे. या कुत्र्याला इंग्लंडांतील कोणत्याही सार्वजनिक इमारतींत मज्जाव नाहीं, असा कायदाच या राजानें केला होता, अशी आख्यायिका आजही ऐकूं येते. परंतु असा कायदा कोणाला सांपडलेला नाहीं.

स्टुअर्ट घराण्याचे दिवस सरले आणि १६८९ सालीं विल्यम व मेरी गादीवर आलीं, तेव्हां दरबारांत हॉलंडहून आलेल्या पग कुत्र्याची चलती सुरू झाली. स्पॅनियलला मात्र एक दुसरा आश्रय मिळाला. मार्लबरोचा ड्यूक जॉन चर्चिल यानें १७०४ सालीं ब्लेनहाइमची लढाई जिंकली, व त्या विजयाच्या स्मरणार्थ बांधलेल्या ब्लेनहाइम वाड्यांत पांढऱ्यावर तांबूस ठिपके असलेले स्पॅनियल पाळले जाऊं लागले. त्यावरून त्या रंगालाच ब्लेनहाइम म्हणतात. त्यांतील कांहीं कुत्र्यांच्या पांढऱ्या कपाळावर मधोमध एक तांबूस टिळा असतो. त्याची एक गोष्ट सांगतात. ड्यूक लढाईवर गेला असतां त्याची पत्नी सारा काळजीनें व्याकुळ होऊन एका गाभण कुत्रीच्या डोक्यावर अंगठा दाबीत बसली होती. पुढें ती व्याली तेव्हां प्रत्येक पिल्लाच्या डोक्यावर त्या अंगठ्याची खूण उमटलेली होती. गरोदरपणीं आईला जें घडतें त्याची खूण बाळाच्या अंगावर उमटते, ही समजूत महाराष्ट्रांतही नवी नाहीं. गोष्ट अर्थातच खोटी आहे. पण आनुवंशाविषयीं माणसाला किती थोडें कळत होतें, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवर त्याचें मन किती जडलेलें होतें, हें ती चांगलें दाखविते.

एकोणिसाव्या शतकांत या कुळावर पहिलें मोठें संकट आलें, व तें लाडाच्या रूपानें आलें. व्हिक्टोरिया राणीला बालपणीं डॅश नांवाचा एक स्पॅनियल होता. २८ जून १८३८ रोजीं राज्याभिषेक आटोपून वाड्यांत परतल्यावर या नव्या राणीनें आपल्या डॅशला अंघोळ घातली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. डॅशच्या चित्रांत अजून जुनें नाकाड दिसतें. परंतु पुढें १८५९ सालीं न्यूकॅसल येथें कुत्र्यांचें पहिलें रीतसर प्रदर्शन भरलें, १८७३ सालीं लंडनांत केनेल क्लब स्थापन झाला, आणि कुत्र्यांच्या वंशावळी छापील वह्यांत नोंदल्या जाऊं लागल्या. बक्षिसें आलीं, बक्षिसांबरोबर परीक्षक आले, आणि परीक्षकांबरोबर फॅशन आली. आखूड नाक, फुगीर कपाळ आणि बटबटीत डोळे असलेला चेहरा बाळासारखा गोजिरवाणा दिसतो, म्हणून त्याला बक्षीस मिळूं लागलें. पन्नास वर्षांच्या आंत राजपुत्रांच्या पायांशीं बसणारा तो लांब नाकाचा स्पॅनियल जवळजवळ नाहींसा झाला. १९०३ सालीं किंग चार्ल्स स्पॅनियल हें नांव अधिकृत ठरलें तें या नव्या, चपट्या तोंडाच्या कुत्र्याचें.

अशा वेळीं रॉसवेल एल्ड्रिज नांवाचे एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ इंग्लंडांत आले. जुन्या चित्रांतला स्पॅनियल विकत घ्यावा ही त्यांची इच्छा. पण जेथें जावें तेथें चपटें तोंडच पुढें येई. तेव्हां १९२६ सालच्या क्रफ्ट्स प्रदर्शनांत त्यांनीं एक बक्षीस जाहीर केलें. चार्ल्स राजाच्या काळच्या चित्रांत दिसतो तसा, लांब नाकाचा, सपाट डोक्याचा, कपाळीं टिळा असलेला जो उत्तम नर व जी उत्तम मादी कोणी आणील, त्यांना प्रत्येकीं २५ पौंड द्यावयाचे. त्या काळीं ही रक्कम लहान नव्हती. आरंभीं पैदासकारांनीं या बक्षिसाची थट्टाच केली. चपट्या तोंडासाठीं इतकीं वर्षें झटल्यावर उलट पावलीं कोण जाणार? तथापि कांहीं जणांनीं तें आव्हान स्वीकारलें. एल्ड्रिज १९२८ सालीं वारले, आणि त्याच वर्षीं नव्या मंडळाची स्थापना झाली. यादवी युद्धांत राजाच्या बाजूनें लढणाऱ्या सरदारांना कॅव्हेलियर म्हणत. तें नांव जोडून या कुत्र्याला कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल असें म्हणावयाचें ठरलें. अॅन्स सन नांवाच्या एका कुत्र्याला समोर ठेवून जातीचीं लक्षणें लिहून काढलीं गेलीं.

या बैठकींत एक शहाणपणाचा निर्णय झाला होता. या कुत्र्याचे केंस कातरून त्याला आकार देऊं नये, आणि होतां होईल तों त्याला फॅशनपासून जपावें, असें संस्थापकांनीं ठरविलें. फॅशननें एका कुळाची काय दशा केली हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांचा हेतु निर्मळ होता यांत शंका नाहीं. परंतु त्यांनीं हातीं घेतलेली फूटपट्टीही शेवटीं चित्राचीच होती. कुत्रें चित्रांतल्यासारखें दिसावें, हेंच ध्येय; त्याच्या छातींत काय चाललें आहे, हें चित्रांत कोठें दिसणार?

त्यांत पुन्हा काळही प्रतिकूल आला. अगोदरच मूठभर कुत्र्यांतून हें नवें कुळ उभें केलेलें. तोंच दुसरें महायुद्ध सुरू झालें. माणसांनाच अन्नाची टंचाई, तेथें कुत्र्यांची काय कथा? एका नामांकित पैदासगृहांत ६० कुत्रीं होतीं, तीं तीनांवर आलीं. १९४५ सालीं केनेल क्लबनें कॅव्हेलियरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, तेव्हां वंश चालविण्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच उत्तम जनावरें उरलीं होतीं. ज्या गांवांत अनेक वर्षें एकाच वळूची संतति वाढत राहिली, त्या गांवच्या शेतकऱ्याला याचा अर्थ निराळा सांगावयास नको. रूप व चाल हुबेहूब उतरते, पण त्या वळूच्या रक्तांत जर एखादा दोष लपलेला असेल तर तोही घरोघर पोंचतो. आणि तो घरोघर पोंचला म्हणजे बाहेरचें रक्त आणल्यावांचून त्याला हांकून लावणें कठीण जातें.

तिकडे कॅव्हेलियरची लोकप्रियता मात्र वाढत गेली. सात-आठ किलो वजनाच्या आंतलें, कोणावरही न भुंकणारें, म्हाताऱ्यांना व मुलांना सारखेंच लळा लावणारें हें कुत्रें शहरी घरांना फार सोयीचें वाटलें. १९७३ सालीं अॅलन्समिअर अॅक्वेरियस नांवाच्या कॅव्हेलियरनें क्रफ्ट्स प्रदर्शनांतील सर्वश्रेष्ठ कुत्र्याचा मान पटकाविला. त्यानंतर मागणी वाढली, आणि मागणीबरोबर पैदासही वाढली. ज्याला बक्षीस मिळालें त्या नराकडे सर्वांच्या कुत्र्या जाऊं लागल्या. म्हणजे अरुंद झालेला ओढा आणखी अरुंद झाला.

१९८७ सालीं एडिंबरो येथील पशुवैद्य पीटर डार्क यांनीं या जातींतील हृदयविकाराकडे लक्ष वेधणारा एक निबंध प्रसिद्ध केला. हृदयाच्या डाव्या बाजूस दोन कप्प्यांच्या मध्यें मायट्रल नांवाची एक झडप असते. पुढें गेलेलें रक्त मागें फिरूं नये, हें तिचें काम. या विकारांत ती झडप जाड व वेडीवांकडी होते, नीट मिटत नाहीं, आणि प्रत्येक ठोक्यासरशीं थोडें रक्त मागें गळतें. पशुवैद्यानें छातीला नळी लावली कीं त्या गळतीची खरखर ऐकूं येते. मागें रक्त सांचून हृदय मोठें होतें, पुढें फुप्फुसांत पाणी भरतें, कुत्र्याला धाप लागते, आणि शेवटीं श्वास अपुरा पडून तें मरतें. हा विकार म्हातारपणीं इतर लहान कुत्र्यांनाही होतो. परंतु कॅव्हेलियरमध्यें तो ऐन तारुण्यांत सुरू होतो. पांच वर्षांच्या वयापर्यंत सुमारें निम्म्या कॅव्हेलियर कुत्र्यांच्या छातींत ती खरखर ऐकूं येते, आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सर्वांच्या.

या विकाराचा घातकपणा त्याच्या वेळेंत आहे. खाण तशी माती, असें आपण म्हणतों. पण येथें खाण पाहण्याच्या वेळीं ती निर्दोष दिसते. दीड-दोन वर्षांचा देखणा नर प्रदर्शनांत बक्षीस मिळवितो, त्याची पिल्लें घरोघर जातात, आणि तो पांच वर्षांचा होऊन त्याच्या छातींत खरखर सुरू होते तेव्हां त्याच्या नातवंडांचींही पिल्लें झालेलीं असतात. पैदासकार लबाड असावा लागत नाहीं. तो केवळ घाईचा असला तरी पुरे होतें. एका वेताचें आयुष्य आणि एका रोगाचें आयुष्य यांची गांठ पडत नाहीं, हेंच या कुळाचें दुर्दैव.

दोष ज्या ठिकाणीं आहे तेथेंच उपाय करावयास हवा, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनीं एक नियम सुचविला. अडीच वर्षांचें होण्यापूर्वीं कोणत्याही कॅव्हेलियरची पैदास करूं नये. त्या वयांत त्याचें हृदय तज्ज्ञाकडून तपासलेलें व निर्दोष असावें. आणि त्याचे आईबापही पांच वर्षांच्या वयाला निर्दोष ठरलेले असावेत. म्हणजे नातवंड जन्माला येण्यापूर्वीं आजीआजोबांची परीक्षा पुरी व्हावी. नियम साधा होता आणि त्यांत पैशापेक्षां धीराचीच गरज अधिक होती. तो पाळला मात्र थोड्यांनीं.

पुढें निरनिराळ्या देशांत जें घडलें, तें या कथेंतील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. स्वीडनमध्यें २००१ सालीं हृदयतपासणीची योजना सुरू झाली. तेथें नळीनें छाती ऐकून कुत्रीं निवडलीं जात. २०१० सालीं तिचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हां सहा वर्षांच्या कुत्र्यांतील रोगाचें प्रमाण लक्षणीय असें घटलेलें आढळलें नाहीं. शेजारच्या डेन्मार्कमध्यें दोन प्रकार एकाच वेळीं चालू होते. कांहीं कुत्रीं सक्तीच्या योजनेखालीं होतीं. तेथें नळीनें छाती ऐकण्यावर न थांबतां ध्वनिलहरींच्या यंत्रानें झडपेचें चित्रही पाहात, आणि या परीक्षेंत उतरल्यावांचून वंश चालवितां येत नसे. दुसऱ्या कुत्र्यांसाठीं तपासणीची सोय होती, पण ती ऐच्छिक होती. आठ-दहा वर्षांनंतरचा हिशोब २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. सक्तीच्या योजनेंतील कुत्र्यांत रोगाचा धोका ७३ टक्क्यांनीं कमी झालेला होता. ऐच्छिक योजनेंतील कुत्र्यांत कांहींही फरक पडलेला नव्हता.

देश एक, जात एक, तपासणीचें ज्ञानही दोन्हीं ठिकाणीं उपलब्ध. मग फळ इतकें निराळें कां? कारण ऐच्छिक योजनेंत नापास होण्याची भीति ज्याला असते तो परीक्षेलाच बसत नाहीं. ज्याचा विजेता नर संशयित आहे तो तपासणी पुढें ढकलतो, आणि ज्याचा निर्दोष आहे तोच दाखला घेऊन मिरवितो. त्यामुळें दाखल्यांची संख्या वाढते, पण रोग हटत नाहीं. आपल्या कुत्र्यावर जीव टाकणाऱ्या माणसांच्या हातूनही हें घडलें, ही गोष्ट विसरतां कामा नये.

हृदयाची ही चिंता चालू असतांच दुसरा एक विकार उजेडांत आला. कांहीं कॅव्हेलियर चालतां चालतां थबकून मागच्या पायानें मानेजवळ हवेंतच खाजविल्यासारखें करतात. पाय अंगाला लागतही नाहीं. मालकांना ती एक गंमत वाटे. क्लेअर रसब्रिज या ब्रिटिश मज्जारोगतज्ज्ञ बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं व त्यानंतर प्रसिद्ध केलेल्या संशोधनानें त्या गमतीमागील वेदना दाखवून दिली. या कुत्र्याच्या कवटीचा मागील भाग मेंदूच्या मानानें अपुरा असतो. दहा नंबरचा पाय सहा नंबरच्या जोड्यांत कोंबावा तसा मेंदू तेथें कोंबलेला असतो. त्याचा मागील भाग कवटीच्या भोंकांतून खालीं सरकतो, मेंदूभोंवतीं वाहणाऱ्या पाण्याची वाट अडते, आणि तें पाणी मज्जारज्जूंत पोकळ्या पाडून तेथें सांठतें. कोणाची मान दुखते, कोणाला गळपट्टा सोसवत नाहीं, कोणी झोपेंत किंकाळी फोडतें. वरून निरोगी दिसणाऱ्या ५५५ कॅव्हेलियर कुत्र्यांची एम. आर. आय. यंत्रानें केलेली तपासणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांत एक वर्षाच्या कुत्र्यांपैकीं २५ टक्के, आणि सहा वर्षें व त्यावरील वयाच्या कुत्र्यांपैकीं ७० टक्के कुत्र्यांच्या मज्जारज्जूंत अशा पोकळ्या आढळल्या. येथेंही तोच डाव: विकार वयाबरोबर वाढतो, आणि वेत मात्र तारुण्यांत होतें.

१९ ऑगस्ट २००८ रोजीं बी. बी. सी. नें शुद्ध जातीच्या कुत्र्यांच्या रोगांवरील एक बोलपट दाखविला. मज्जारज्जूच्या या विकारानें तळमळणारे कॅव्हेलियर त्यांत लक्षावधि लोकांनीं पाहिले, आणि हा विकार असलेल्या एका बक्षीसपात्र नराची संतति पुढें चालूच होती, हेंही पाहिलें. देशांत एकच खळबळ उडाली. पुढील वर्षीं बी. बी. सी. नें क्रफ्ट्स प्रदर्शनाचें प्रक्षेपण सोडून दिलें. केनेल क्लबनें २००९ सालीं आईमुलगा, बापलेक व सख्खीं भावंडें यांच्या संकरांतून झालेल्या पिल्लांची नोंद बंद केली. प्राणिशास्त्रज्ञ सर पॅट्रिक बेटसन यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०१० मध्यें बाहेर पडला. २०१२ सालीं ब्रिटनच्या पशुवैद्यक संघटनेनें व केनेल क्लबनें मिळून या विकारासाठीं एम. आर. आय. तपासणीची योजना सुरू केली. ही योजनाही ऐच्छिकच होती.

विज्ञानाला सर्वच ठिकाणीं हार खावी लागली असें मात्र नाहीं. या जातींत दोन रोग असे होते कीं ज्यांचें मूळ एकेकाच जनुकांत होतें. एकांत व्यायाम किंवा उत्तेजना झाली कीं कुत्र्याचे स्नायु ताठून तें कोसळतें. दुसऱ्यांत डोळे कोरडे पडतात व अंगावरचे केंस जन्मापासून कुरळे व खरबरीत असतात. दोन्हींची परीक्षा २०११ सालीं न्यूमार्केट येथील संशोधकांनीं उपलब्ध केली. आईबाप दोघेंही सदोष जनुक बाळगीत असतील तरच पिल्लू रोगी होतें. म्हणून निदान एक तरी निर्दोष पाहून जोडी जुळविली कीं काम झालें. परंतु हृदयाचा व कवटीचा विकार एका जनुकाचा नव्हे, अनेकांचा आहे. तेथें असा एकच दाखला पुरत नाहीं. २०२१ सालीं उपसाला येथील शास्त्रज्ञांनीं आठ जातींची तुलना केली, तेव्हां कॅव्हेलियरच्या रक्तांत अपायकारक जनुकबदलांचा भार सर्वांत अधिक असल्याचें त्यांना आढळलें. १९२६ ते १९४५ या वीस वर्षांतील अरुंद वाटेचा हा हिशोब होता.

येथें एक खरोखरच अवघड प्रश्न उभा राहतो. सदोष तेवढें बाजूला काढावें, तर उरलेलीं कुत्रीं इतकीं थोडीं कीं त्यांच्याच आपसांतील संकरानें नवे दोष वर येतील. सदोष ठेवावें, तर दुखणें चालूच राहील. तिसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या जातीचें रक्त आणणें. पण तसें केलें तर पिल्लू 'शुद्ध' राहत नाहीं, आणि वंशावळीची वही ज्यांना सर्वस्व वाटते त्यांना तें मानवत नाहीं.

नॉर्वेंत हा प्रश्न न्यायालयापुढें गेला. तेथील प्राणिसंरक्षण संस्थेनें केनेल क्लब व कांहीं पैदासकार यांच्यावर फिर्याद केली. ३१ जानेवारी २०२२ रोजीं ऑस्लोच्या न्यायालयानें कॅव्हेलियर व इंग्लिश बुलडॉग या दोन्हीं जातींची पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरविली. अपिलांत बुलडॉगच्या बाबतींतील निर्णय फिरला, पण कॅव्हेलियरचा कायम राहिला. आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तोच उचलून धरला. बचावपक्षाचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. बंदीमुळें पैदास थांबणार नाहीं. ती तपासणी करणाऱ्यांच्या हातून जाऊन कसलीच नोंद न ठेवणाऱ्यांच्या हातीं जाईल, अशी भीति त्यांनीं बोलून दाखविली. तथापि पैदासीनें जनावराचें आरोग्य बिघडतां कामा नये, असें कायदा सांगतो, आणि एवढे दोष ठाऊक असतां शुद्ध कॅव्हेलियरमधूनच कॅव्हेलियर काढीत राहणें त्या कायद्यांत बसत नाहीं, असा न्याय झाला. शास्त्रशुद्ध रीतीनें दुसऱ्या जातीशीं संकर करण्याचा मार्ग मात्र मोकळा राहिला.

पिल्लू घेणाऱ्या साध्या गृहस्थानें या इतिहासांतून घ्यावयाचा बोध फार मोठा नाहीं. पिल्लाचा रंग, कपाळावरचा टिळा, आजोबानें मिळविलेले चषक हें सर्व मागाहून पाहावें. आधीं पिल्लाची आई डोळ्यांनीं पाहावी. ती व पिल्लाचा बाप अडीच वर्षांवरील आहेत काय, त्यांचीं हृदयें तज्ज्ञानें कधीं तपासलीं, आजीआजोबा पांचव्या वर्षीं कसे होते, कवटीचें व मज्जारज्जूचें चित्र काढलें आहे काय, हें विचारावें व लेखी दाखले मागावे. ज्याच्यापाशीं उत्तर नाहीं त्याच्याकडून पिल्लू घेऊं नये. रोग झालेल्या कुत्र्याला आज पूर्वींपेक्षां चांगलीं औषधें मिळतात. पिमोबेंडन नांवाच्या औषधानें हृदय मोठें झालेल्या कुत्र्याची रोगलक्षणें सुमारें पंधरा महिने लांबतात, असें २०१६ सालच्या एका मोठ्या चांचणींत दिसून आलें. पण औषध दुखणें लांबवितें. जन्मापूर्वीं केलेली निवड तें टाळूं शकते.

वंशावळ म्हणजे कोण कोणाच्या पोटीं आला याची यादी, एवढाच अर्थ दीडशे वर्षें घेतला गेला. त्या यादींत कोण किती वर्षें जगला, कशानें मेला आणि त्याची छाती पांचव्या वर्षीं कशी वाजत होती, हे रकानेच नव्हते. ते रकाने भरणें, आणि ते भरल्यावांचून वेत होऊं न देणें, यालाच जबाबदार पैदास म्हणतां येईल. डेन्मार्कच्या आंकड्यांनीं तें अशक्य नाहीं हें दाखविलें आहे.

डॉ. कायसच्या काळीं दुखणाईत बाई त्या चिमुकल्या स्पॅनियलला पोटाशीं धरून बसे, आणि तिचें दुखणें त्याच्या अंगीं गेलें असें मानी. तें कुत्रें मुक्यानें तेथें बसून राही, कारण त्याला ऊब आवडे व माणूस आवडे. आजचा कॅव्हेलियरही तसाच मांडीवर येऊन बसतो. त्याच्या छातीवर हात ठेवला तर आंतली खरखर हाताला बहुधा जाणवत नाहीं. ती ऐकण्यासाठीं कोणीतरी मुद्दाम कान लावावा लागतो.